चार मिलिमीटरचा तुकडा आणि पेशीचक्राचे तीन मार्कर: एक प्रकरण अभ्यास

रुग्णाची ओळख पटू नये म्हणून वय, व्यवसाय आणि तारखा बदलल्या आहेत. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, त्यामुळे हे प्रकरण सूक्ष्मदर्शकाच्या बाजूने मांडलं आहे. शस्त्रक्रिया करणाऱ्या सहकाऱ्यांनी मजकूर वाचून संमती दिली आहे.

पार्श्वभूमी

रुग्ण पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ, आयुष्यातली बरीच वर्षं उघड्यावर, उन्हात काम केलेले. उजव्या डोळ्यात नाकाच्या बाजूला मांस वाढलं होतं. दीड वर्षापूर्वी दुसरीकडे शस्त्रक्रिया करून ते काढलं. काही महिन्यांत त्याच जागी पुन्हा खुपायला लागलं, डोळा लाल राहू लागला, म्हणून ते आमच्या नेत्रतज्ज्ञांकडे आले. पहिलाच प्रश्न होता, "डॉक्टर, परत मांसच वाढलंय ना?"

डोळ्याचा पांढरा भाग आणि बुबुळ जिथे मिळतात त्या कडेला लिंबस म्हणतात. तिथे सुमारे ४ बाय ३ मिलिमीटरचा किंचित उचललेला भाग होता. दिसायला थोडा जेलीसारखा, माथ्यावर पांढुरका, बाजूने जाड रक्तवाहिन्या आत शिरलेल्या, आणि पुढे कॉर्नियावर, म्हणजे बुबुळावरच्या काचेसारख्या थरावर, धुरकट पातळ साय. टेरिजियम, म्हणजे साधी मांसवाढ, सहसा पंखासारखी त्रिकोणी आणि सपाट असते. हा भाग तसा नव्हता, आणि नेत्रतज्ज्ञांच्या मनात शंका होतीच. तरी पुन्हा झालेलं टेरिजियम समजूनच त्यांनी ते काढलं. कडेने एखाद-दोन मिलिमीटर सोडून तुकडा घेतला आणि उघड्या जागेवर त्याच डोळ्याच्या वरच्या बाजूचा कंजंक्टायव्हा आणून शिवला. कंजंक्टायव्हा म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचा पातळ पारदर्शक पडदा. तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकला आणि अर्जावर लिहिलं: "पुन्हा वाढलेलं टेरिजियम. ओएसएसएन नाही ना, बघावं."

ओएसएसएन हे डोळ्याच्या पृष्ठभागावरच्या स्क्वेमस (चपट्या) पेशींच्या आजारांच्या एका मालिकेचं नाव आहे. तिच्या एका टोकाला सौम्य डिस्प्लेसिया (पेशींची ठेवण बिघडणं), मध्ये मध्यम आणि तीव्र डिस्प्लेसिया, पुढे एपिथेलियमची, म्हणजे पृष्ठभागावरच्या पेशींच्या थराची, संपूर्ण जाडी व्यापलेला पण खाली न उतरलेला कॅन्सर, आणि दुसऱ्या टोकाला त्या थराखालचं तळपटल फोडून आत शिरलेला स्क्वेमस सेल कार्सिनोमा असतो. अतिनील किरणं हे मोठं कारण आहे. एचआयव्ही आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं हीही कारणं आहेत. लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या एचपीव्ही या विषाणूचा वाटा किती, यावर वेगवेगळ्या ठिकाणच्या अभ्यासांचं एकमत नाही. हा शेवटचा मुद्दा पुढे लागणार आहे.

अडचण कुठे होती

बाटली उघडली तेव्हा आत एक वळलेली सुरळी होती. कंजंक्टायव्हा कापला की स्वतःवरच गुंडाळतो, आणि फॉर्मॅलिनमध्ये त्याच आकारात कडक होतो. कुठली कडा कॉर्नियाकडची, कुठली नाकाकडची, काही कळेना. पॅराफिन मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवून कापल्यावर काही ठिकाणी एपिथेलियम उभा कापला गेला, काही ठिकाणी तिरका.

तिरकं कापणं म्हणजे काय, ते थोडं सांगते, कारण पुढचा सगळा घोळ त्यातून झाला. एपिथेलियममध्ये तळाच्या पेशी लहान, गडद, दाटीने बसलेल्या असतात आणि वर जाताना त्या पसरट होत जातात. उभा काप घेतला तर हा चढता क्रम दिसतो. तिरका काप घेतला तर तळाच्या पेशीच वरपर्यंत पसरल्यासारख्या दिसतात, आणि निरोगी ऊतीतही पूर्ण जाडीचा डिस्प्लेसिया असल्याचा भास होतो. त्याहून वाईट म्हणजे, एपिथेलियमचं खाली उतरणारं एखादं बोट आडवं कापलं गेलं तर पेशींचं सुटं बेट खालच्या ऊतीत पोचल्यासारखं दिसतं. यालाच आक्रमण समजण्याची चूक होते.

एचअँडई, म्हणजे नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगाच्या, स्लाइडवर मला तीन गोष्टी दिसल्या. मध्यभागी एपिथेलियम जाड, तळाच्या दोन-तृतीयांश भागात पेशींचा क्रम बिघडलेला. एका ठिकाणी संपूर्ण जाडी बिघडल्यासारखी, पण तिथला काप तिरका. आणि खालच्या ऊतीत एक छोटं बेट. शिवाय सगळीकडे लिम्फोसाइटांची (सुजेतल्या पांढऱ्या पेशींची) गर्दी, उन्हाने झालेला इलॅस्टोसिस (खालच्या तंतूंचा बिघाड), आणि मधूनच काही पेशी विलक्षण मोठ्या: केंद्रक मोठं, पेशीही तितकीच मोठी, आत पोकळ्या, एकदोनींत दोन-दोन केंद्रकं. त्या मोठ्या पेशींनी मला अस्वस्थ केलं. पण का, ते त्या दिवशी शब्दांत सांगता आलं नाही.

संध्याकाळी नेत्रतज्ज्ञांचा फोन आला. "मॅडम, पी५३ आणि केआय-६७ लावा आणि हो की नाही एवढंच सांगा. टाके काढायला येतील तेव्हा काहीतरी सांगावं लागेल." पी५३ आणि केआय-६७ ही पेशीचक्राशी जोडलेली प्रथिनं. कापावर ती रंगवून दाखवणाऱ्या तपासणीला आम्ही मार्कर म्हणतो.

समोरचे पर्याय

एक, फक्त एचअँडईवर रिपोर्ट द्यायचा: डिस्प्लेसिया आहे, श्रेणी नक्की सांगता येत नाही, कडा तपासण्याजोग्या नाहीत. हा प्रामाणिक रिपोर्ट झाला असता, पण निर्णय घेणाऱ्याला तो पुरत नाही. दोन, ब्लॉक पुन्हा वितळवून तुकडा नीट उभा बसवायचा. चार मिलिमीटरचा तुकडा, त्यातला काही आधीच कापून संपलेला. वितळवताना उरलेलाही हातचा जायची भीती. तीन, ब्लॉकमध्ये खोल जाऊन आणखी काप घ्यायचे, म्हणजे ते बेट वरच्या थराला जोडलेलं आहे का, ते कळेल. चार, मार्कर.

योग्य क्रम तिसरा आणि चौथा पर्याय एकत्र करण्याचा होता: एकाच बैठकीत लागोपाठ डझनभर काप घ्यायचे, पहिला, मधला आणि शेवटचा एचअँडईसाठी, मधले सगळे मार्करसाठी राखून. ब्लॉक मायक्रोटोमवर, म्हणजे काप घेणाऱ्या यंत्रावर, परत चढवला की पृष्ठभाग सपाट करताना दर वेळी ऊतीचा थोडा भाग वाया जातो. मोठ्या गाठीत त्याने काही बिघडत नाही. इथे बिघडणार होतं, आणि ते मला ठाऊक होतं.

तरी फोनच्या घाईत मी फक्त दोन मार्करांची चिठ्ठी पाठवली. दोन दिवसांनी खोल काप मागितले. त्यानंतर पी१६ हा तिसरा मार्कर. ब्लॉक तीनदा चढला. तिसऱ्या वेळेपर्यंत ते बेट संपलेलं होतं. या प्रकरणातली माझी चूक कुठली, असं कोणी विचारलं तर मी हीच सांगते.

मार्कर नेमकं काय दाखवतात

पेशी विभागताना जी१, एस, जी२ आणि एम अशा चार टप्प्यांतून जाते. विश्रांतीत असेल तेव्हा ती जी० मध्ये असते. या वाटेवर फाटकं आहेत आणि प्रत्येक फाटकावर पहारेकरी प्रथिनं. सायक्लिन नावाची प्रथिनं टिम हंट यांना १९८२ मध्ये समुद्री अर्चिनच्या अंड्यांत सापडली. २००१ चं नोबेल त्यांना लेलँड हार्टवेल आणि पॉल नर्स यांच्यासोबत मिळालं. जी१ च्या फाटकावर आरबी हे प्रथिन ई२एफला धरून ठेवतं. सायक्लिन डी आणि सीडीके४/६ यांनी आरबीवर फॉस्फेट चढवलं की पकड सुटते आणि पेशी डीएनएची नक्कल करायला लागते. हे आरबी मुळात लहान मुलांच्या डोळ्यांतल्या रेटिनोब्लास्टोमामुळे सापडलं. त्या आजारावरून अल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये दोन आघातांचा सिद्धान्त मांडला, आणि १९८६ मध्ये जनुक हाती आलं. पेशीचक्राच्या पाठ्यपुस्तकातला इतका मोठा भाग डोळ्यातून आला आहे, याची डोळ्याच्या बायोप्सी बघताना मला दर वेळी गंमत वाटते.

केआय-६७ हे प्रथिन चारही सक्रिय टप्प्यांत केंद्रकात असतं, जी० मध्ये नसतं. नावातलं 'केआय' कील या जर्मन शहराचं आणि ६७ हा प्रयोगाच्या ताटलीतल्या खळग्याचा क्रमांक. शोध १९८३ चा. हा मार्कर पेशी चक्रात आहे एवढंच सांगतो. ती कॅन्सरची आहे, जखम भरतेय म्हणून विभागतेय, की सूज आल्यामुळे, ते त्यातून कळत नाही. लिंबसवर तर तळाच्या पेशी निरोगी डोळ्यातही विभागत असतात, कारण कॉर्नियाचा एपिथेलियम भरून काढणाऱ्या मूळ पेशींचं घरच तिथे आहे. म्हणून लिंबसवर तळाशी दिसणाऱ्या केआय-६७ ने बिचकायचं नाही. बघायचं ते वर: वरच्या तृतीयांशात, जिथे पेशींनी विभागणं थांबवलेलं असायला हवं.

पी५३ चं गणित उलटं आहे. निरोगी पेशीत हे प्रथिन तयार होतं आणि एमडीएम२ ते मिनिटांत मोडून टाकतं, त्यामुळे स्लाइडवर जवळजवळ दिसत नाही. जनुकात ठरावीक प्रकारचा बदल झाला तर प्रथिन मोडलं जात नाही, साठतं, आणि केंद्रक गडद दिसतं. दुसऱ्या प्रकारच्या बदलात प्रथिन तयारच होत नाही, मग शेजारच्या निरोगी पेशींत फिकट रंग आणि गाठीत पूर्ण शुकशुकाट. हाही बिघाडच, आणि घाईत 'निगेटिव्ह' म्हणून सुटून जातो. पण पेशीच्या डीएनएला नुसती इजा झाली तरी चांगलं पी५३ काही काळ साठतं. उन्हात तापलेल्या कंजंक्टायव्हात आणि साध्या टेरिजियममध्येही पी५३ उमटलेलं दिसतं. म्हणजे "पी५३ पॉझिटिव्ह आहे, तेव्हा ओएसएसएन" हे वाक्य या जागेपुरतं तरी टिकत नाही.

स्लाइडवर काय आलं

आमच्या ज्युनिअरने पहिल्यांदा मोजलं. "मॅडम, केआय-६७ बेचाळीस टक्के."

आकडा मोठा होता, आणि त्यावर मी तीव्र डिस्प्लेसिया लिहायला बसलेही होते. मग दोघांनी दोन नळ्यांच्या सूक्ष्मदर्शकावर तीच जागा पुन्हा पाहिली. मोजलेल्या केंद्रकांत बरीच लिम्फोसाइटं होती. सुजेत तीही विभागत असतात आणि एपिथेलियममध्ये घुसलेली असली की नवख्या डोळ्याला वेगळी काढता येत नाहीत. दुसरी गोष्ट रंगाची. आमचा नेहमीचा डीएबी रंग तपकिरी येतो. सावळ्या माणसाच्या लिंबसवर तळाच्या पेशींत मेलॅनिन असतं, तेही तपकिरी. मेलॅनिन केंद्रकाच्या बाजूला टोपीसारखं बसतं, पण थोडं फोकस हललं की केंद्रकावरच असल्यासारखं दिसतं. लिम्फोसाइटं वगळून, मेलॅनिनच्या पेशी बाजूला ठेवून, बिघडलेल्या एपिथेलियमची ५०० केंद्रकं मोजली तेव्हा आकडा २३ टक्क्यांवर आला.

या आजारात केआय-६७ चा सर्वांनी मान्य केलेला कटऑफ नाही, त्यामुळे बेचाळीस आणि तेवीस यांपैकी कशानेच श्रेणी ठरत नव्हती. पण मोजणी दुरुस्त करताना आम्ही दोघेही टक्केवारी सोडून नकाशा बघायला लागलो. तिरक्या कापाच्या जागी, जिथे मला पूर्ण जाडीचा डिस्प्लेसिया असल्याची भीती होती, तिथे तपकिरी केंद्रकं विखुरलेली आणि विरळ होती. त्या जागेवरून काही ठरवण्यात अर्थ नव्हता. त्याच्या डावीकडे, साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या पट्ट्यात, काप उभा होता आणि रंगलेली केंद्रकं तळापासून वरच्या तृतीयांशापर्यंत चढलेली होती. एचअँडईवर हा पट्टा मी दोनदा ओलांडून गेले होते. पेशी लहान, एकसारख्या, गडद. बघताक्षणी डोळ्यात भरावं असं त्यांत काही नव्हतं.

आणि ज्या मोठ्या, बेढब पेशींनी मला अस्वस्थ केलं होतं, त्या केआय-६७ च्या स्लाइडवर निळ्याच राहिल्या. एकही रंगली नव्हती. पी५३ मात्र त्यांत मध्यम, कमी-जास्त तीव्रतेचं उमटलं होतं. पट्ट्यातल्या लहान पेशींत पी५३ गडद, सलग, जवळपास प्रत्येक केंद्रकात.

म्हणजे एकाच तुकड्यात दोन वेगळ्या गोष्टी होत्या. एकीकडे दिसायला भयंकर पण चक्र थांबलेल्या पेशी, दुसरीकडे दिसायला साध्या पण चक्रातून बाहेर न पडणाऱ्या. पहिल्या प्रकाराचं कारण मला शोधायचं होतं.

एक फोन आणि जांभळे थेंब

डीएनएला इजा होऊन पेशी मोठी होते, केंद्रक आणि पेशीद्रव्य दोन्ही एकाच प्रमाणात वाढतात, आत पोकळ्या पडतात, आणि पेशी विभागायची थांबते. हे चित्र किरणोपचारानंतर दिसतं आणि मायटोमायसिन या पेशींची वाढ रोखणाऱ्या औषधानंतरही. मी नेत्रतज्ज्ञांना विचारलं, "यांना आधी कधी मायटोमायसिन दिलं होतं का?"

"माझ्याकडे नाही. जुने कागद त्यांनी आणलेच नाहीत."

टाके काढायला रुग्ण आले तेव्हा नेत्रतज्ज्ञांनी विचारलं. औषधाचं नाव रुग्णांना आठवत नव्हतं. "शस्त्रक्रियेनंतर परत वाढायला लागलं तेव्हा तिकडच्या डॉक्टरांनी थेंब दिले होते. फ्रीजमध्ये ठेवायचे. जांभळ्या रंगाचे होते." मायटोमायसिनच्या द्रावणाला निळसर जांभळी छटा असते. डोळ्यात घालायच्या थेंबांत असा रंग आठवणीत राहतो. पाच महिन्यांपूर्वी, दोन आठवडे. त्या औषधाने पेशींत झालेले बदल कित्येक महिने टिकू शकतात.

हे एक वाक्य अर्जावर असतं तर पहिल्याच दिवशी मी मोठ्या पेशी बाजूला ठेवल्या असत्या. ते नव्हतं, म्हणून त्या पेशींनी माझं लक्ष खऱ्या पट्ट्यावरून काढून घेतलं. मायटोमायसिन दिलेल्या डोळ्यात पी५३ एकटं वाचणं तर धोक्याचंच. तिथे केआय-६७ सोबत ठेवलं की दोन्ही गट वेगळे होतात.

पी१६ आणि एक नाजूक प्रश्न

पी१६ हे प्रथिन सीडीके४/६ ला रोखतं. एचपीव्हीचं ई७ प्रथिन आरबीला निकामी करतं, ई२एफ मोकळं सुटतं, आणि प्रतिक्रिया म्हणून पेशी पी१६ चा ढीग लावते. गर्भाशयमुखाच्या बायोप्सीत पी१६ सलग, गडद उमटलं की त्यामागे एचपीव्ही आहे असं मानायला भक्कम आधार असतो. ती सवय डोळ्याकडे तशीच आणता येत नाही. आरबीचा मार्ग इतर कारणांनीही बिघडतो, आणि डोळ्याच्या पृष्ठभागावर पी१६ आणि विषाणू यांची जोडी तितकी पक्की नाही.

आमच्या पट्ट्यात पी१६ बऱ्यापैकी सलग आलं. नेत्रतज्ज्ञांनी विचारलं, "मग एचपीव्ही लिहू का? यांच्या बायको सोबत येतात, त्या विचारतील."

मी रिपोर्टमध्ये 'पी१६ पॉझिटिव्ह' एवढेच शब्द टाकले असते, तर ते इंटरनेटवर शोधायला घरी पाच मिनिटं पुरली असती, आणि नवरा-बायकोत नको तो संशय उभा राहिला असता. दुसरीकडे, केलेली तपासणी लपवणंही बरोबर नव्हतं. शेवटी वाक्य असं लिहिलं: "पी१६ बिघडलेल्या भागात सलग उमटलं आहे. या जागेवर त्यावरून एचपीव्ही संसर्ग गृहीत धरू नये, आणि त्याने उपचार बदलत नाहीत." मागे वळून बघता, उपचार बदलणार नसतील तर ती तपासणी मागवायची तरी कशाला होती, हा प्रश्न उरतोच. माझं उत्तर: उत्सुकता. ते बेट ज्या कापांत दिसलं असतं, त्यांतले काही त्या उत्सुकतेत गेले.

रिपोर्ट

अंतिम रिपोर्ट मध्यम ते तीव्र डिस्प्लेसियाचा गेला. पट्टा एका कडेपर्यंत पोचलेला होता. ती कडा कुठली, ते सुरळीमुळे सांगता आलं नाही. आक्रमणाबद्दल लिहिलं की निश्चित आक्रमण दिसलं नाही, एका स्तरावर दिसलेलं बेट बहुधा तिरक्या कापामुळे आहे, पण खालच्या स्तरावर ते पडताळता आलं नाही. केआय-६७ च्या स्लाइडवर बेटाच्या फक्त कडेच्या पेशी रंगल्या होत्या, मधल्या नाहीत. एपिथेलियमचं बोट आडवं कापलं की असंच दिसतं. मात्र नीट परिपक्व होणाऱ्या कॅन्सरचं बेटही असं दिसू शकतं, म्हणून या निरीक्षणावर मी भार टाकला नाही. टक्केवारी लिहिली, पण त्यापुढे "श्रेणी एचअँडईवरून ठरवली आहे, मार्कर नकाशासाठी वापरले" असंही लिहिलं.

उपचाराचा निर्णय

हा भाग नेत्रतज्ज्ञांचा. संशय असेल तेव्हा ओएसएसएन काढायची रीत टेरिजियमहून वेगळी आहे: कडेने ३ ते ४ मिलिमीटर निरोगी भाग घ्यायचा, गाठीला चिमटा लावायचा नाही, कॉर्नियावरचा भाग अल्कोहोलने सोडवायचा, उरलेल्या कडा गोठवायच्या, आणि झाकायला ऊती घेताना नवी हत्यारं वापरायची. इथे यातलं काहीच झालं नव्हतं. वरच्या बाजूचा तुकडा आणताना तोच चिमटा वापरला गेला होता. हे त्यांनी स्वतःहून सांगितलं, मला विचारावं लागलं नाही.

नुसतं लक्ष ठेवायचं म्हटलं, तर कडा बाधित होती. जुन्या मालिकांत कडा मोकळ्या असताना ५ ते ३३ टक्के आणि बाधित असताना ५६ टक्क्यांपर्यंत पुनरावृत्ती नोंदलेली आहे. पुन्हा मोठं काढायचं म्हटलं, तर त्याच लिंबसवर ही तिसरी शस्त्रक्रिया झाली असती, वर आधीचं मायटोमायसिन. मूळ पेशी संपल्या की कॉर्नियावर कंजंक्टायव्हा चढतो आणि नजर जाते. आणि कुठली कडा बाधित, तेच माहीत नसताना कापायचं कुठे?

राहिले थेंब. मायटोमायसिन पुन्हा नको, हे लगेच ठरलं. इंटरफेरॉन डोळ्याला सौम्य, पण महिनोन्महिने चालतं. ५-फ्लुरोयुरॅसिल १ टक्का निवडलं. केनियात झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शस्त्रक्रियेनंतर चार आठवडे हे थेंब दिलेल्यांत वर्षभरात ११ टक्के, तर नुसते साधे थेंब दिलेल्यांत ३६ टक्के पुनरावृत्ती दिसली होती. या रुग्णाचा डोळा आधीच दुखावलेला, म्हणून नेत्रतज्ज्ञांनी सलग न देता एक आठवडा दिवसातून चार वेळा, मग तीन आठवडे विश्रांती, अशी चार आवर्तनं ठरवली. हे औषध डीएनएची नक्कल थांबवतं, तेव्हा "केआय-६७ जास्त, म्हणजे औषध चांगलं लागू पडेल ना?" असं त्यांनी विचारलं. तर्क देखणा आहे. पण त्यावर रुग्णाला आश्वासन देऊ नका, असं मी सांगितलं. समुपदेशन करून, संमतीने एचआयव्हीची तपासणीही झाली. ती निगेटिव्ह आली.

पुढे काय झालं

पहिल्या आवर्तनात पापणीखालची त्वचा सोलवटली. दुसऱ्यापासून थेंब घालताना नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून धरायचा आणि पापणीला पेट्रोलियम जेली लावायची, असं सांगितल्यावर त्रास आटोक्यात आला. चार आवर्तनं पूर्ण झाली. ओसीटीवर, म्हणजे प्रकाशाने थरांचं चित्र घेणाऱ्या तपासणीत, एपिथेलियम पातळ आणि सलग दिसू लागला. आधी तिथे जाड, पांढरा थर आणि निरोगी भागाशी जिथे तो मिळतो तिथे अचानक पायरी दिसत असे.

सातव्या महिन्यात त्याच जागेजवळ एक पांढुरका ठिपका दिसला. ओसीटीवर तो साधाच वाटत होता, पण रुग्ण झोपेनासे झाले होते, म्हणून बायोप्सी घेतली. या वेळी तुकडा फिल्टर पेपरच्या पट्टीवर सपाट पसरून, मिनिटभर चिकटू देऊन, पेपरसकट फॉर्मॅलिनमध्ये आला. पेपरवर पेन्सिलीने 'कॉर्निया' आणि 'नाक' लिहिलेलं. शाईने लिहिलं असतं तर प्रक्रियेत धुऊन गेलं असतं. उभे, सुंदर काप मिळाले. एपिथेलियम क्रमवार, वर थोडं केराटिन, खाली व्रण. डिस्प्लेसिया नव्हता.

नेत्रतज्ज्ञ म्हणाले, "खात्रीसाठी केआय-६७ लावून टाका."

मी नाही म्हटलं. जखम भरणाऱ्या लिंबसवर तळाशी रंगलेली केंद्रकं दिसणारच होती. त्यांची टक्केवारी छापली असती तर रुग्णाच्या फाइलमध्ये एक आकडा कायमचा बसला असता, आणि पुढचा प्रत्येक डॉक्टर त्याची आधीच्या २३ शी तुलना करत राहिला असता. हा नकार योग्य होता का, यावर आमचा थोडा वाद झाला. मी आजही तेच करेन.

दोन वर्षं झाली. ठिपका तसाच आहे, गाठ परत आलेली नाही, नजर टिकून आहे. तपासण्या चालू आहेत.

आज तेच प्रकरण आलं तर

पहिल्या भेटीत कॉर्नियावरची धुरकट साय आणि पांढुरका माथा पाहून आधी ओसीटी, आणि संशय राहिला तर ओएसएसएनच्या रीतीनेच काढणं. हे मत नेत्रतज्ज्ञांचं स्वतःचं. माझ्या बाजूने: आता कंजंक्टायव्हाचा कुठलाही छोटा तुकडा आला की तंत्रज्ञ न विचारता एकदाच बारा काप घेतात आणि मधले चार्ज केलेल्या (ऊती घट्ट चिकटणाऱ्या) काचांवर ठेवून देतात. लिंबसच्या ऊतीला डीएबी ऐवजी लाल रंग येणारा क्रोमोजेन वापरतो, म्हणजे मेलॅनिन आणि मार्कर यांची गल्लत होत नाही. केआय-६७ आणि पी५३ नेहमी जोडीने, आणि रिपोर्टमध्ये टक्केवारीआधी ते कुठल्या थरात आहे ते लिहायचं. पी१६ कोणी मागितलं तर आधी विचारते, उत्तर काहीही आलं तरी तुम्ही काय वेगळं करणार?

अर्जावरही एक नवा रकाना छापून घेतला: "या डोळ्यात आधी मायटोमायसिन, ५-फ्लुरोयुरॅसिल, इंटरफेरॉन किंवा किरणोपचार?" पहिल्या महिन्यात जवळपास सगळे अर्ज तो रकाना रिकामा ठेवूनच आले. आता रिकामा दिसला की ज्युनिअर बाटली उघडण्याआधी फोन करतो, आणि थेंब कुठल्या रंगाचे होते, तेही विचारतो.